नानांचं सॉरी

चिपळूणच्या बाजारात आता सॉरी म्हणणं सोपं राहिलं नव्हतं. कुणी म्हटलं की समोरच्याची नजर थेट त्याच्या कॉलरवरच्या भावमापकाकडे जायची. हिरवा दिवा म्हणजे मनापासून, पिवळा म्हणजे सवयीनं. इंग्रजांच्या या एवढ्याशा शब्दाला आपण तरी किती कामांना जुंपावं? वाट मागायला सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी, मयताच्या घरी सॉरी, आणि भांडण उकरून काढायच्या आधीसुद्धा ‘सॉरी हं, पण...’ आहेच. हेमांगीनं बनवलेल्या या यंत्रानं आवाजातल्या सूक्ष्म कंपांवरून हे सगळे प्रकार तांदळातल्या खड्यांसारखे निवडून दाखवले. शाळांनी, कचेऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं.

हेमांगीला स्वतःला मात्र एकच सॉरी हवं होतं. तिनं परजातीत लग्न केलं तेव्हा नाना, म्हणजे तिचे वडील, मांडवाकडे फिरकले नव्हते. पुढे येणं-जाणं सुरू झालं, फणसाची साटं पोचू लागली, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ते तिला फार लागलं होतं.

त्या रविवारी ती माहेरी आली होती. जेवणं झाल्यावर नाना तिच्यासमोर येऊन उभे राहिले. कॉलरवर लेकीचं यंत्र होतंच.

“हेमा, तुझ्या लग्नाला आलो नाही. चुकलं माझं. सॉरी.”

दिवा पिवळा लागला.

हेमांगी उठून स्वयंपाकघरात गेली. तिला रडू आवरेना. वहिनीनं विचारलं, तेव्हा तिनं दिव्याचं सांगितलं. वहिनी चकितच झाली. ती म्हणाली, महिनाभर नाना परसात माडापुढे उभे राहून हेच वाक्य घोकताहेत, ऐन वेळी जीभ अडखळू नये म्हणून.

हेमांगीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घोकून घोकून शब्दातला कंप झिजतो, आणि झिजलेला शब्द यंत्र सवयीत जमा करतं. माफी मागायचाही कुणी सराव करेल, हे तिच्या शहाण्या डोक्यात आलंच नव्हतं.

ती धावत पडवीत आली. नाना यंत्र काढून हातात धरून बसले होते.

“नाना, यंत्र चुकलंय. माझीच चूक आहे.”

नानांनी नकारार्थी मान हलवली. हे यंत्र कधी चुकत नाही, असं त्यांनीच गावभर अभिमानानं सांगितलं होतं.

“तू केलेलं खोटं कसं बोलेल? मला आपलं वाटायचं, लग्नाला आलो नाही त्याचंच मला वाईट वाटतंय.” ते पिवळ्या दिव्याकडे बघत राहिले. “मग हेमा, इतकी वर्षं छातीत रोज सलत होतं, ते काय होतं गं?”