ओल्या जागेची सळई

डावा स्पीकर

उद्धवला एका गिटारीचे दोन आवाज हवे होते.

उद्धव माझा धाकटा भाऊ. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची विजेची हवाइयन गिटार तो अमरावतीतल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. सहासष्ट सालची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि त्या संध्याकाळी अकोल्याला त्यांचा कार्यक्रम होता.

"दादा, डावीकडून वाजलं का तेच उजवीकडून थोडं मागून यायले पाह्यजे. विहिरीत हाक मारली का येते ना, तसं. अन् माये दोन्ही हात गुंतलेले, तं पायानं चालू-बंद व्हायले पाह्यजे."

"मग विहीरच घेऊन जा अकोल्याले."

"नेता आली असती तं तुले काहून विचारलं असतं?"

मी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रयोग लावून द्यायचो. सुट्टी लागली होती आणि घरात बोलायला कोणी नव्हतं. म्हणजे रमा होती. माझी बायको. पण आमची शालू गेल्यापासून रमा कामापुरतंच बोलायची. पोरगी चार वर्षांची होती. डांग्या खोकल्यानं गेली. त्याला दोन हिवाळे झाले होते. मला वाटलं, घरात काहीतरी वाजू लागेल तर बरं. रमाच्या तोंडून एखादं जास्तीचं वाक्य निघेल. खरं सांगायचं तर ती प्रतिध्वनीची पेटी मी उद्धवसाठी कमी आणि त्या वाक्यासाठी जास्त केली.

अकोल्याच्या ओमप्रकाश रेडिओवाल्याकडून एक मोडका टेपरेकॉर्डर आणला. टेपच्या पट्टीची दोन टोकं चिकटवून तिचा फास केला, म्हणजे ती गोल फिरत राहील. एका हेडाच्या चुंबकानं आवाज पट्टीवर उमटायचा, वीतभर पुढे दुसरं हेड तो वाचायचं. मूळ आवाज डाव्या स्पीकरला, वाचलेला उजव्याला. पायासाठी बडनेरा रोडच्या गॅरेजमधून ट्रकचा डिपर आणला. ड्रायव्हर डाव्या पायानं दाबतात ते लोखंडी बटण. दाबलं की टक्‌ व्हायचं आणि उजवा जागा व्हायचा.


उजवा स्पीकर

घूंऽऽऽ.

गिटार नाही. घूंऽऽऽ. नुसती घरघर, विजेची.


डावा स्पीकर

घरघर घालवायची तर पेटीला अर्थिंग द्यावं लागतं. तांब्याची सळई ओल्या जमिनीत ठोकायची आणि तिथून तार आणायची. पण चैत्र सरताना वऱ्हाडातली काळी माती कशी असते? हात जाईल एवढ्या भेगा. परसात एकच जागा ओली होती, मोरीमागे, शेंदूरजन्याहून आणून लावलेल्या संत्र्याच्या रोपाशी. तिथली माती लोण्यासारखी मऊ होती. चार ठोक्यांत सळई गळ्यापर्यंत आत गेली.

रमा दोरीवर लुगडं वाळत घालत होती. तिचा हात थांबला.

"तिथी काहून ठोकली?"

"ओल आहे म्हणून."

ती लुगड्याच्या सुरकुत्या काढत राहिली, त्या निघाल्यावरही.

घरघर मात्र गेली. कमी झाली नाही, गेली. इतकी स्वच्छ शांतता मी कुठल्याच यंत्रातून ऐकली नव्हती. तपासण्यासाठी गिटारीच्या जागी माईक जोडला आणि त्याच्या तारेला नव्यानं डाख दिला. राळेचा धूर नाकातोंडात गेला आणि माईकसमोरच मला ठसका लागला.


उजवा स्पीकर

खोकला.

थोड्या वेळानं पुन्हा, बारीक.

पुन्हा. अजून बारीक. आणि शेवटी एक लांब, आत ओढलेला श्वास.


डावा स्पीकर

मी श्वास ओढला नव्हता.

पट्टी घसरून वेग वाढला की आवाज बारीक होतो, हे मला माहीत होतं. मी पट्टी ताणून बसवली. पण प्रतिध्वनी दर फेरीला पुसट व्हायला हवा. हा दर फेरीला जवळ येत होता, त्याचं काय, ते मला माहीत नव्हतं.

वळलो तर दारात रमा. हाताला कणीक तशीच.

"अजून एकदा खोका," ती म्हणाली.

दोन वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी खोकलो.

उजवीकडून उत्तर आलं. रमा चालत गेली आणि उजव्या स्पीकरपाशी मांडी घालून बसली. हात पुसले नाहीत.

त्या दिवसापासून ती बोलू लागली. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून झालं की यायची, पायानं बटण दाबायची आणि बसायची. संत्र्याला दोन नवी पानं आली. रिद्धपूरच्या मावशीकडे नातू झाला. आज वरणात मीठ जास्त पडलं. एवढंच सांगायची, पण सांगायची. मी शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचो आणि पान उलटायचो नाही. तिचा आवाज डावीकडून यायचा. मी डोळे मिटून घ्यायचो.

उद्धव गिटार घेऊन तालमीला आला तेव्हा तो दारातच थबकला.

"वयनी बोलून राहिली?"

"हो."

"कोनाशी?"

मी म्हणालो, "माईकची चाचणी."

त्यानं दारातूनच आत डोकावून पाहिलं. मग चपला काढून, पाय न वाजवता आत आला.


उजवा स्पीकर

माईक बंद. गिटार खोलीत नाही. घरात कोणी खोकलं नाही.

खोकला.


डावा स्पीकर

पार्बताबाई आमच्या गल्लीतली सुईण. शालूच्या जन्माच्या वेळी मी परीक्षेच्या कामाला अकोल्यात होतो, सगळं तिनंच केलं होतं. ती ताक न्यायला आली आणि परसात उभी राहिली.

"हे काय ठोकलं बाप्पा? तिथी तं तुमच्या शालूची नाळ हाय. म्याच पुरली. बापाले कोनी सांगत नाई, पन बायको तं सांगते."

"बायको काही बोलली नाही."

"मंग तिले पाह्यजे असन," पार्बताबाई म्हणाली आणि ताकाची कासंडी घेऊन निघून गेली.

मी मोरीमागे गेलो. तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की मोरीचं पाणी त्या बाजूला येतच नाही. नळीचा उतार उलट्या बाजूला, गल्लीतल्या नालीकडे आहे. मग दोन वर्षं त्या जागी ओल कशाची होती? रोपाच्या बुडाशी, विटेच्या आडोशाला, शालूचा छोटा लोटा होता. आत घोटभर पाणी.

रात्री जेवताना मी विचारलं. रमानं भाकरी मोडता मोडता सांगितलं.

"खोकल्यावर पानी देऊ नये म्हनत होते ना सारे. म्या लोटा फळीवर ठेवला होता, तिचा हात पोचू नये म्हनून. ती फळीकडं पाहे." भाकरीचा तुकडा तिनं ताटात परत ठेवला. "आता खोकला नाई म्हटलं तिले. आता देते."

तिच्या मागे फळी होती. मी तिकडे पाहिलं नाही.


उजवा स्पीकर

रमा जास्त पाणी घालू लागली. सकाळ-संध्याकाळ.

माती भिजली, तसा आवाज स्वच्छ झाला.

आता कळायचं, छातीत किती भरलंय ते. आता मधला श्वास वेळेवर यायचा नाही. मी तिकडे खोलीत स्वतःचा श्वास धरून बसायचो, तो येईपर्यंत.

"पुरे, बाई. पुरे. पाठ चोळू का?"

रमाचा हात स्पीकरच्या कापडावर वरून खाली फिरायचा.

खोकला थांबायचा नाही.


डावा स्पीकर

अखाजीच्या आदल्या दिवशी उद्धव पेटी न्यायची बोलणी करायला आला. त्याचा हिशेब सरळ होता: पेटी अकोल्याला गेली तर कार्यक्रम होईल. माझा सरळ नव्हता. पेटी गेली तर रमा पुन्हा गप्प होईल. पेटी राहिली तर पोरगी खोकत राहील.

"दुसरी करून देतो तुला," मी म्हणालो.

"एका रात्रीत?"

"कार्यक्रम पुढं ढकल."

"दादा, तू काय बोलून राहिला?"

रमा स्पीकरपाशी बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"घेऊन जा, भावजी," ती म्हणाली. "आपन बटन दाबतो अन् ती येते. आली का खोकते. बिना बोलावल्या निजली होती."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सळई काढा तुमी. माया हातानं निघनार नाई."

तिच्या पायाखाली डिपर होता. तिनं तो दाबला.

टक्‌.

अर्धा खोकला आत राहिला.


(स्पीकर नाहीत)

अखाजीला आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आजोबांची भरली, आईची भरली. लहान पोरांची भरत नाहीत. तशी रीत नाही.

सकाळच्या मोटारीनं उद्धव पेटी घेऊन अकोल्याला गेला. दोन्ही स्पीकर, माईक, बटण, पट्टीचा फास, सगळं गेलं. जाताना वयनीच्या पाया पडला. एरवी पडायचा नाही.

मग आम्ही दोघं मोरीमागे गेलो. मी सळई धरून हलवली. आत जाताना चार ठोके लागले होते. बाहेर येताना तिनं बराच वेळ घेतला. कोणी जोरात धरलेलं नाही, पण सोडतही नाही, तसं. निघाली तेव्हा मागे बोटभर रुंदीचं काळं भोक राहिलं.

रमानं शालूचा लोटा भरून आणला. तो तिनं माझ्या हातात दिला.

भोकाशी उकिडवा बसलो. रमा माझ्या डाव्या हाताला.

पाणी सोडलं.

काळी माती पाणी पिते तेव्हा आवाज करते. भेगेतली हवा वर येते आणि पाणी खाली जातं. हे मी विद्यार्थ्यांना सांगितलेलं आहे.

घोट.

घोट.

थांबली. पाणी भोकाच्या तोंडाशी आलं आणि तिथंच काठोकाठ उभं राहिलं.

मग नाकानं श्वास घेतल्यासारखं झालं, आणि पाणी खाली गेलं.

घोट. घोट.

रमाचा हात माझ्या दंडावर आला. "हळू," ती कुजबुजली. "ठसका लागन तिले."

मी हळू ओतलं. लोटा रिकामा झाला. मी तो सरळ धरला, मग पालथा करून पाहिला. एक थेंब पडला.

घोट थांबले नव्हते.

एक. थोड्या वेळानं अजून एक. विहिरीत हाक मारली की येते तसे, मागून.

खोकला आला नाही.

मग पाणी पोटभर पिऊन झाल्यावर लहान पोरं तोंड उघडून सोडतात तो श्वास ऐकू आला. भोकातून नाही. उकिडव्या बसलेल्या माझ्या कानाच्या उंचीवर.

रमा डावीकडे होती. श्वास उजवीकडून आला, आणि माझा उजवा कान ओला झाला.