मनोरा रिकामा ठेवायचा नाही

वहिनीचे दिवस भरत आले तरी दादाचा पत्ता नव्हता, म्हणून त्याला आणायला मी डोंगरात गेले. दादा जुनी दगडी बांधकामं दुरुस्त करण्याचे ठेके घेतो. मी पालिकेत धोकादायक इमारतींची तपासणी करते. भाऊ भिंती सावरतो आणि बहीण त्या पाडायला सांगते, असं आई चेष्टेने म्हणायची. त्याचं हे काम उन्हाळ्यापुरतं होतं. उन्हाळा सरला तरी फोनवर एकच पालुपद: "बदली माणूस मिळाला की निघतो."

"बदली कशाला? तिथे काय पहारा देतोयस?"

"तसंच काहीसं," म्हणाला आणि त्याने विषय बदलला. दादा विषय बदलतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

निघताना वहिनीने माझा हात धरून ठेवला. "ताई, नुसतं बोलून येऊ नका. त्यांना घेऊनच या." तिला रडू येत होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती उगाच माझ्या बॅगेच्या चेनशी खटपट करत होती.

गावाआधी मनोरे दिसले. प्रत्येक घराला खेटून एकेक. चौकोनी, काळसर दगडाचे, वर किंचित निमुळते होत गेलेले, खिडक्यांच्या जागी नुसत्या फटी. दार जमिनीपासून दोन पुरुष उंचावर. पूर्वी शत्रू आला की माणसं आत चढायची आणि शिडी वर ओढून घ्यायची, असं जीपवाल्याने सांगितलं. आता मात्र प्रत्येक दाराला शिडी लावलेली होती आणि प्रत्येक दारात कोणी ना कोणी बसलेलं होतं. एक बाई लोकर विंचरत होती. एक म्हातारा पाय खाली सोडून पेंगत होता. कापणीचे दिवस, शेतात माणसं कमी आणि इथे ही मंडळी बसून! मला हसू आलं. उलट कोणी हसलं नाही.

दादा ज्या मनोऱ्यावर होता त्याच्या मालकाला गावात मास्तर म्हणत. शाळेतून निवृत्त, बायको गेलेली, मुली शहरात, गुडघे कामातून गेलेले. त्यांचं घर मनोऱ्याच्या पायथ्याशीच, एक भिंत दोघांची मिळून. चहा देताना त्यांनी मान खाली घातली. "तुमच्या भावाला अडकवलं मी, बाई. पण आमच्याकडे मनोरा रिकामा ठेवत नाहीत. घरात माणसं होती तोवर आळीपाळीने बसायचो."

"आणि ठेवला तर?"

"ते भाऊच दाखवतील."

मी शिडी चढले. आत धुराने काळवंडलेल्या भिंती, मेंढ्यांचा जुना वास आणि विहिरीत असतो तसा गारवा. दादा एका खोक्यावर बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती, पण हसणं तेच. "आलीस? चढताना धाप लागली की नाही? ऑफिसात बसून बसून भोपळा झालाय तुझा."

मग त्याने मला फट दाखवली. जमिनीपासून निघून वर अंधारात गेलेली, भिंतीच्या आरपार. तिच्यावर त्याने आडव्या काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या होत्या. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. भिंत जरा जरी हलली तरी काच फुटते, आणि काच खोटं बोलत नाही.

"मी आत असलो की पट्टी शाबूत," दादा म्हणाला. "खाली जेवून आलो की फुटलेली. आधी वाटलं, प्लास्टर कच्चं राहिलं. मग वाटलं, ऊन. सगळं करून पाहिलं गं. हा पडला तर मास्तरांच्या घरावर पडणार."

मी चिडले. "तिकडे बायको बाळंतपणाला टेकलीय आणि तू दगडाला सोबत करतोयस? लाज वाटत नाही?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी मार खातानाही हा रडत नसे. "वाटते," म्हणाला. "रोज वाटते."

मी ठरवलं की याचा सोक्षमोक्ष आजच लावायचा. मास्तरांना समोरच्या घरी नेऊन बसवलं. मनोऱ्याच्या बाहेरच्या बाजूने, हात पोचेल तिथे, फटीवर माझ्या हाताने नवी पट्टी बसवली आणि प्लास्टर कडक होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग दादाला हाक मारली. "ये खाली. फुटली तर मी स्वतः इथे दुसरा माणूस लावून देईन. नाही फुटली तर उद्या आपण घरी."

"हत्यारं गोळा करतो," आतून आवाज आला.

त्याला वेळ लागला. शिडीच्या पायाशी मी उभी होते. वर तो कोणाशी तरी बोलत होता. एक जण काहीतरी विचारत होता आणि दुसरा उत्तर देत होता. दोन्ही आवाज दादाचे होते. त्याला स्वतःशी बडबडायची खोड आहे, असं मी मनाशी म्हटलं. तशी ती खरंच आहे.

मग बोलणं थांबलं आणि तो उतरला. हात मोकळे होते.

"हत्यारं?"

"राहू देत."

आम्ही अंगणात बसून राहिलो. ऊन उतरलं. पट्टीला तडासुद्धा गेला नव्हता. सकाळी पाहिली, तेव्हाही तशीच, लख्ख. मी इतकी खूश झाले की मास्तरांना हाताला धरून घेऊन आले. "बघा! रिकामा आहे आणि उभा आहे. उगाच बाऊ करून ठेवलात."

मास्तरांनी पट्टी पाहिली. मग दादाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"फुटली नाही म्हणजे आत कोणीतरी आहे, बाई."

"कोण असणार? दादा हा काय इथे उभा आहे."

शेजारचा माणूस शिडी काढायला आला होता, त्याला मास्तरांनी हातानेच थांबवलं. मी माझा नंबर त्यांच्याकडे ठेवला, भिंतीचं काही झालं तर कळवा म्हणून.

जीपमध्ये दादा गप्प होता. एरवी हा ड्रायव्हरला गाडी शिकवायला बसतो. थकला असेल, असं मी धरून चालले. त्याला घरी पाहिल्यावर वहिनी जी रडली, ते पाहून माझा सगळा शीण गेला.

मुलगी झाली. दादाने नवीन ठेका घेतला नाही. दिवसभर बाळाला घेऊन बसायचा. न चिडता, न कंटाळता, न बोलता. वहिनी सगळ्यांना सांगायची, "डोंगराने माणूस सुधारून दिला हो!" बाळ त्याच्याकडे असलं की मुळीच रडत नसे.

बारशानंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. वहिनी आत भांडी लावत होती. दादा खिडकीशी बाळाला खांद्यावर घेऊन बसला होता. माझा फोन वाजला.

"मी मास्तर," पलीकडून आवाज आला. "बाई, तुम्ही कधी येताय?"

"का? भिंत हलली?"

"नाही. भिंत उत्तम आहे. पण ते रोज दारात येऊन बसतात, तुमची वाट बघत. उतरायचं नाव काढलं की घाबरतात. मी खूप दिवस विचार केला, तुम्हाला सांगावं की नाही. शेजाऱ्याने त्याचा मोबाइल वर नेलाय. थांबा, देतो जोडून."

खरखर झाली. वारा ऐकू आला.

"अगं, कुठे राहिलीस?"

दादाचा आवाज.

"दारातून तुला खाली शोधत होतो," तो म्हणाला. तीच जराशी घोगरी लकब, तेच खाकरणं. "ते जाऊ दे. आधी सांग, मुलगा की मुलगी?"

मी वर पाहिलं. खिडकीशी बसलेला माझ्याकडेच बघत होता. एक हात बाळाच्या पाठीवर हळूहळू थोपटत होता. दुसरा त्याने फोनसाठी माझ्यापुढे केला.

"हॅलो? ऐकू येतंय ना? ही बरी आहे ना गं?"

पुढे केलेला हात हलला नाही. बाळाच्या पाठीवरचा मात्र थोपटायचा थांबला.

मी फोन बंद केला.

थोपटणं पुन्हा सुरू झालं.

"कोणाचा होता हो, ताई?" वहिनीने आतून विचारलं.

"चुकून लागला," मी म्हटलं.