फेसाळलेल्या अकरा बरण्या

गोष्ट एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या सुट्टीतली. त्या काळी काचेच्या बरण्यांच्या झाकणाखाली बसणारे रबरी वायसर बाजारात औषधालाही मिळत नसत. ज्याने त्याने ते घरीच करायचे.

"ही अकरावी!" आत्याने झाकण काढून नाक मुरडलं. पाकातल्या नासपतीच्या फोडींवर फेस आला होता. "तिसांतल्या अकरा नासल्या! खरं सांग, झाकणं कुणी उघडली?"

घरात दोघीच. म्हणजे प्रश्न टाचणीलाच होता.

अंगाने काटकुळी, म्हणून वसतिगृहातल्या मुलींनी तिला हे नाव दिलं होतं. आई नव्हती, बाबा जहाजावर. आत्याने तिला यंदा पहिल्यांदाच सुट्टीला आणलं होतं. आत्या वाईट नव्हती. पण एकटीने राहून राहून तिची बोलायची सवयच मोडली होती. दोघी समोरासमोर जेवायच्या आणि आपापल्या ताटाकडे बघत उठायच्या.

"मी नाही उघडली, आत्या."

"मग काय भुताने? शनिवारी तुला वसतिगृहावर सोडते."

टाचणीच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. सुट्टीतलं वसतिगृह! चाळीस रिकाम्या खाटा, गुंडाळलेल्या गाद्या आणि स्वतःच्याच पावलांचा आवाज!

ती मागच्या नळावर नासलेल्या बरण्या ओतून धुवायला बसली. आत्याचा आवाज ऐकून कुंपणावरून शेजारच्या बहीणभावाची डोकी वर आली. भाऊ ढोल्या, आणि बहिणीला सगळे शंका म्हणायचे, कारण तिला सतत काहीतरी विचारायचं असे.

"एकटीनेच खाल्लंस? आम्हाला हाक तरी मारायचीस!" ढोल्या म्हणाला.

"मी नाही खाल्लं!" टाचणीला रडू फुटलं.

"गप रे!" शंका उडी मारून आत आली. "उघडून खाल्लं असतं, तर फोडी कमी नसत्या झाल्या? बरण्या तर गच्च भरल्यात! आणि पाक एकाच जागेवरून कसा ओघळलाय?"

खरंच! प्रत्येक बरणीवर एकच चिकट ओघळ. टाचणीने तिथल्या वायसरवरून बोट फिरवलं. रबरावर बारीकशी उंच रेघ लागली. दुसऱ्यावर तीच, तिसऱ्यावरही तीच! आत जाऊन चाचपले, तर चांगल्या बरण्यांच्या झाकणाबाहेर डोकावणारे वायसर मात्र गुळगुळीत.

"हे कापले कुणी?" टाचणीने विचारलं.

"दरवर्षी तुझी आत्याच कापते, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून. यंदा तिचं मनगट मुरगळलं, म्हणून सायकलवाल्या काकांनी कापले," शंका म्हणाली.

"त्यांना चूक दाखवायला गेलो तर हाकलून देतील," ढोल्या म्हणाला. "त्यांच्याच तोंडून वदवायला हवं!"

तिघं काकांच्या दुकानात हजर झाली. "काका, एक पंक्चर काही केल्या सापडत नाही!" ढोल्या म्हणाला.

"माझ्या हातून सुटेल असं पंक्चर अजून जन्माला यायचंय! आण ती ट्यूब."

टाचणीने रिकामी, घट्ट बंद केलेली बरणी पुढे केली. वायसर त्या अकरांपैकीच एक.

"ही ट्यूब? डोकं फिरलंय का पोरांनो?"

"हरलात ना काका?" ढोल्याने डिवचलं.

झालं! काकांनी टपात किटलीतलं गरम पाणी ओतलं आणि बरणी उलटी बुडवली. आतली हवा तापली आणि बुडबुडबुड! बुडबुड्यांची माळ एकाच जागेतून वर आली.

"सापडलं!" काका ओरडले.

"वायसर कुणी कापला, काका?" शंकाने साळसूदपणे विचारलं.

काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात टाचणीला शोधत आत्याही येऊन ठेपली. बुडबुडे तिने पाहिले, वायसर काढून अंगठ्याने चाचपला.

"ट्यूबच्या सांध्याची रेघ. झाकण घट्ट बसतच नाही हिच्यावर, हवा आत शिरते. मी ही नेहमी टाळून कापते."

"मग मला सांगायचं नाही का, ताई? रबर वाया जाऊ नये म्हणून मी सरसकट कापले!"

आत्याने वायसर टपाच्या काठावर ठेवला. "इतकी वर्षं हाताला ठाऊक होतं. तोंडाने सांगायची वेळच आली नाही. सांगणार तरी कुणाला?"

मग तिने टाचणीला जवळ ओढलं. "चुकले मी, पोरी. शनिवारी कुठेही जायचं नाही."

"माझ्याच टपात माझंच पंक्चर काढलंत! शाबास रे वाघांनो!" काका डोकं खाजवत म्हणाले.

काकांनी त्यानंतर रबर कापलं ते आत्याला विचारूनच. ढोल्या मोठा होऊन ट्रक चालवू लागला. जुन्या ट्यूब तोच आणून द्यायचा. शंका वकील झाली आणि दूर गेली. आत्या आणखी एकोणीस सुट्ट्या हयात होती. टाचणीने त्यातली एकही चुकवली नाही. आत्या गेल्यावर तिला सुट्टीत जायला घर उरलं नाही. ती एका वसतिगृहाची प्रमुख झाली. सुट्टीत ज्या मुलींना कुणी न्यायला येत नसे, त्यांना ती आपल्या खोलीत जेवायला बोलवायची, आणि जेवताना त्यांच्याशी पोटभर बोलायची.