उंच फ्रेमवरचा हरीओम

धाडकन आवाज झाला तेव्हा वैजयंती मशीनवर बसून एका ब्लाउजची बाही उसवत होती. बाहेर येऊन पाहते तर तिच्या दुकानाचा बोर्ड ओट्याखाली आडवा पडलेला! आणि त्याच्या वर, गर्द हिरव्या रंगाच्या उंच रेसिंग सायकलवर, ओट्याचा खांब कवटाळून एक तरुण बसलेला. हसत होता, जणू बोर्ड त्याने पाडलाच नव्हता.

"खांब धरायले गेलो... बोर्ड हाती आला," तो म्हणाला.

"काहून? सायकलले ब्रेक नाई काय?"

"ब्रेक हाय ना. पन टेकाले काईतरी पाह्यजे का नाई?"

वैजयंतीने खाली पाहिलं. त्याचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर लोंबकळत होते. तिला हसू आलं, पण तिने ते ओठातच अडवलं आणि बोर्ड उचलला.

"थो खिळा थोडा डावीकडं घ्या," सायकलवरून सूचना आली. "हां... अजून थोडा..."

"उंटावरून शेळ्या नका हाकू. खाली उतरा अन् ठोकून द्या."

"उतरलो तर सायकल कोन धरन?"

वैजयंतीने टाचा उंचावल्या, हात वर नेला आणि चार ठोक्यांत बोर्ड जागेवर बसवला. वळली तर तो डोळे मोठे करून बघत होता.

"तुमाले स्टूल लागत नाई?"

हेच वाक्य तिने जन्मभर ऐकलं होतं, पण ते टोमण्यासारखं. या माणसाने ते असं विचारलं, की जणू तिने एखादं बक्षीस जिंकलं असावं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "नाई लागत," ती म्हणाली आणि झटकन आत गेली. आत जाऊन बाहीची भलतीच बाजू उसवली, हेही सांगून टाकायला हरकत नाही.

हरीओम त्याचं नाव. मंगरूळपीर रस्त्याला त्याची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती आणि डोक्यात जुन्या रेसिंग सायकलींचं वेड. भंगारातून आणायच्या, घासायच्या, रंगवायच्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते या गड्याकडे पाहून पटावं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो सीटचं कव्हर शिवायला घेऊन आला, त्याच्या पुढच्या बाजाराला हँडलची पिशवी. नंतर तर काही न घेताच येऊ लागला. शेलूबाजार गावात जीपगाड्यांचे हॉर्न, भाज्यांच्या आरोळ्या, आणि त्या गलक्यात खांबाला धरून सायकलवर बसलेला हरीओम आणि दारात उभी वैजयंती.

"चोवीस इंची फ्रेम हाय," तो अभिमानाने सांगायचा. "पाहा, मधात कशी मोकळी जागा हाय. वरचा दांडा कसा सरळ गेला. चाकं अन् फ्रेम एकमेकाले शोभतात. लहान फ्रेमीत मजा नाई. चाकं तेवढीच राह्यतात, अन् दांडे बिचारे अंग चोरून बसतात. बापाची चप्पल घातलेल्या लेकरावानी दिसते थे."

"अन् तुमी कसे दिसता?"

"मी...? मले कोन पाह्यते? लोक सायकल पाह्यतात."

"मी पाह्यते ना."

हरीओमचा हात खांबावरून निसटता निसटता राहिला.

वैजयंती खरंच पाहत होती. कपडा हँगरवर कितीही देखणा दिसो, अंगावर चढल्यावर तो बसला की नाही, हे तिला एका नजरेत कळायचं. "सांगू का?" ती म्हणाली. "सायकल भिंतीले टेकवली तर राणी हाय. पन तुमी बसले का सगळं बिघडते. सीट पार दांड्यावर टेकली, मान खांद्यात घुसल्यावानी. हँडल धरायले तुमी पुढं लोंबता. उसना कोट घालून लग्नाले आल्यासारखं वाटते."

"भल्ली जीभ चालते हो तुमची!"

"कैचीपेक्षा कमीच."

दोघंही हसले. हसता हसता त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नजर हलवायला विसरला... सांगायचं तर, तिलाही काही घाई नव्हती.

प्रेमात पडलेल्या माणसाला बाकी जग दिसत नाही म्हणतात. वैजयंतीला उलट सगळं जास्तच स्पष्ट दिसू लागलं. तिच्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत हरीओम तिच्यासमोर एकदाही सायकलवरून उतरलेला नाही. चहासुद्धा सीटवर बसूनच प्यायचा.

तिची आई प्रयागबाई. गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मेथी पिकवून बाजारात विकणारी, मनाने लोण्यासारखी, पण मुलीच्या उंचीचा तिला जीवघेणा घोर. पाहुणे आले, की "वैजू, जरा वाकून बस" हे ठरलेलं. दोन ठिकाणांहून "पोरगी लय उंच हाय" असा निरोप आलेला. वैजयंती वाकून वाकून कंटाळली होती. आता कारंज्याचं स्थळ रविवारी पाहायला येणार होतं. मुलगा चांगला धिप्पाड, सहा फुटी. प्रयागबाईला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

वैजयंतीने हे हरीओमला सरळ सांगून टाकलं. "रविवारी मले पाहाले येऊन राह्यले. कारंज्याचा हाय. सहा फूट."

खांबावरचा हात घट्ट झाला. "मंग... जोडा शोभन तुमचा," तो म्हणाला.

"जोडा शोभते का नाई, थे मी ठरवीन. तुमी एक सांगा, माह्यासमोर कवाच खाली काहून उतरत नाई?"

तो हळूच म्हणाला, "उतरलो तर तुमी मले वरून पाहसान."

"वरून पाह्यलं का मानूस खराब दिसते काय?" तिने नजर हटवली नाही. "हरीओमजी, मी आजवर सगळ्याइसाठी खाली वाकली. आता कोनासाठी नाई वाकनार. तुमच्यासाठीबी नाई. ज्याले माह्यासंगं उभं राह्यता येते, त्यानं उभं राह्यावं. रविवारच्या आत."

त्याने सायकल वळवली आणि तो गेला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिने एका बाईच्या ब्लाउजचा गळा मागून-पुढून उलटा कापला आणि स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. जो येणार नाही त्याच्यासाठी कापड कशाला वाया घालवायचं? पण रस्त्यावर चेनची टिकटिक ऐकू आली, की मशीनवरचा पाय आपोआप थांबायचा.

शनिवारी दुपारी तो थांबला, तो थांबलाच. ती दारात आली.

लाल रंगाची, अगदी लहान फ्रेमची रेसिंग सायकल रस्त्यावरून सरळ येत होती. सीट ऐटीत वर, तिच्याखाली वीतभर चमकता दांडा. वर बसलेल्याची पाठ सैल, कोपरं मोकळी, पाय कसे गोल फिरताहेत! लहान फ्रेम अंग चोरून बसते म्हणे... हिने तर अंग चोरलंच नव्हतं. बसणाऱ्याला घेऊन ती पुरी झाली होती. हरीओम इतका देखणा आहे, हे वैजयंतीला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

त्याने ब्रेक लावला. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. मग तो उतरला, सायकल उभी केली आणि ओट्यावर चढून तिच्यासमोर उभा राहिला.

तो तिच्या कानाशी पोचत होता.

"लहान फ्रेम मी आजवर नुस्ती भिंतीले टेकवून पाह्यली," तो म्हणाला. धाप लागलेली, पण नजर सरळ. "कोनी बसल्यावर कशी दिसते, थे पाह्यलंच नाई. थे तुमी शिकवलं." तो थांबला. "वैजयंती... मी एवढाच हाव. याच्यावर उंच होनार नाई. पन तुले पाह्यल्यावर मले लहान वाटत नाई. लय आवडतेस तू मले. चालन काय?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. वैजयंतीच्या गळ्यात टेप होता. तिने तो उगाच एका हाताने घट्ट धरला.

"चालन," ती म्हणाली. "दौडन."

आणि नेमकी तेव्हाच मेथीच्या जुड्या डोक्यावर घेऊन प्रयागबाई ओट्याशी आली. तिने लेकीकडे पाहिलं. हरीओमकडे पाहिलं. पुन्हा लेकीकडे. दोघांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि प्रयागबाई काही दूधखुळी नव्हती. तिच्या तोंडून सवयीनेच निघालं, "अवं वैजू, जरा वाक व माय... लोक पाहून राह्यले!"

"नका वाकवू तिले, काकू," हरीओम म्हणाला. "मले अशीच पाह्यजे. ताठ."

वैजयंतीने खांदे मागे घेतले. मान वर केली. आहे तेवढी सगळी उंच झाली.

प्रयागबाई कितीतरी वेळ बघत राहिली. डोक्यावरची मेथी उतरवून घ्यायचंही कुणाला सुचलं नाही, तेव्हा हरीओमनेच पुढे होऊन ती उतरवली. "आता बाई..." प्रयागबाई पदराने तोंड पुसत म्हणाली. डोळेही त्याच पदराने पुसले गेले. "अन् कारंज्यावाल्याइले मी काय सांगू?"

"सांग," वैजयंती म्हणाली, "आमच्या पोरीनं पोरगा पाह्यला. अन् तिले पसंत हाय."