भोकं पडलेली पानं

"थांबा, थांबा! त्या बरण्या हलवू नका!" आईच्या प्रयोगशाळेत धाकटी एवढ्या जोरात ओरडली की बरण्या पुसणाऱ्या ताईच्या हातातलं फडकंच पडलं.

"काय झालं? पाल?" शंकासुराने विचारलं. हा ताईचा भाऊ. शंका काढल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"पाल नाही रे! ही पानं बघ. गेल्या वर्षीच्या बरणीतली सगळी भोकाभोकांची. आणि यंदाच्या पानांना एकसुद्धा भोक नाही!"

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं असतं तर आईचा अर्क चालला नसता का, दीडशहाण्या?"

धाकटीची आई म्हणजे या दोघांची मावशी. ती वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या केंद्रात काम करायची. एका झुडपाच्या पानांतून सुजेवरचं औषध शोधायचं तिने मनावर घेतलं होतं. काचेच्या बशीत जिवंत पेशी ठेवायच्या, सूज आणणारं द्रव्य टाकून त्या चिडवायच्या, मग वर पानांचा अर्क टाकायचा. गेल्या वर्षी त्या झटक्यात शांत झाल्या होत्या. यंदा मात्र ढिम्म! म्हणून मोठे साहेब हे काम गुंडाळायला निघाले होते.

मनावर घ्यायला कारणही तसंच होतं. रोज सकाळी धाकटीची बोटं सुजायची. शर्टाचं बटणही लागायचं नाही. औषध होतं, पण ते घेतलं की पोट धरून बसावं लागायचं. सुट्टीला आलेल्या भावंडांना ती हे हसत हसत सांगायची, आणि नेमकं तेच त्यांना ऐकवत नसे.

"चला बागेत!" ताईने फर्मान सोडलं.

बागेत माळीकाका पाठीला फवारणीचा पंप अडकवून उभे होते.

"काका, या झुडपांवर अळ्या नाहीत?"

"माझी बिशाद आहे का ठेवायची? साहेबांचा हुकूम आहे! पाहुणे येणार, पानाला भोक दिसलं तर माझी खैर नाही. यंदा वर्ष सुरू झाल्यापासून दर आठवड्याला फवारतोय."

"मावशीला माहीत आहे?"

"मला काय ठाऊक? साहेबांनी सांगितलं असेल की."

साहेबांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं! बाग दिसायला छान झाली, विषय संपला.

"सगळीकडे फवारलंत? अगदी सगळीकडे?" शंकासुराने पिच्छा सोडला नाही.

"त्या पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे नाही. तिकडे कोण पाहुणा जातोय मरायला!"

तिघं धूम पळाली. खोलीमागे एकच झुडूप होतं, वेडंवाकडं वाढलेलं. त्याच्या पानांची पार चाळण झाली होती.

"ईऽऽ! किती अळ्या!" शंकासुर मागे सरला.

"ओरडू नकोस! त्या आपल्या बाजूच्या आहेत!" ताईने पिशवी उघडली.

पानं बघून मावशी मटकन खुर्चीतच बसली. "अरे देवा! अळी कुरतडते तेव्हा झुडूप स्वतःला वाचवायला ते द्रव्य बनवत असणार. अळीच मारली तर ते कशाला बनवेल? आणि मी वेडी आपली अर्कालाच दोष देत बसले!"

तिने नवा अर्क काढला आणि पुन्हा सगळं तपासलं. पेशी शांत झाल्या! मुलांनी एवढा दंगा केला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली.

चौघं साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, टाळ्यासुद्धा वाजवल्या. "वा! काय चौकस मुलं आहेत! शाब्बास!" मग ते मावशीकडे वळले. "पण अर्क कुचकामी ठरल्याचा अहवाल मी वर पाठवून दिलाय. कामही बंद केलंय. उद्यापासून तुम्ही दुसऱ्या विभागात."

"मग पुन्हा लिहा ना," ताई म्हणाली. "चुकलं होतं म्हणून."

"बाळ, मोठ्यांच्या कामात असं नसतं."

"म्हणजे फवारायला तुम्ही सांगितलं, हे कळू नये म्हणून औषध बंद?" शंकासुराने विचारलं.

या वेळी त्याला कुणीच गप्प केलं नाही. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि मुलांना बाहेर न्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मावशीने तिघांना जवळ घेतलं. "तुम्ही जे शोधलंत ते खरं आहे. आत काहीही झालं तरी ते खरंच राहणार. मला तुमचा फार अभिमान वाटतो. मी पुन्हा अर्ज करीन, दुसरीकडे विचारीन." पण आपल्याच बोलण्यावर तिचा विश्वास दिसत नव्हता.

"आई, ते औषध लगेच थोडंच मिळणार होतं?" धाकटीने विचारलं.

"नाही गं. तू कॉलेजात गेलीस तरी चाचण्याच चालू असत्या."

"मी थांबले असते की गं!" धाकटी म्हणाली, आणि त्या सुट्टीत पहिल्यांदाच रडली.