आला, पुढे

ही गोष्ट मी कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये. घडली तशी लिहितेय. पटली तर पटली, नाहीतर खुशाल हसा.

एक आधीच सांगते. यात मध्यरात्र नाही, अंधार नाही, कुत्रं रडत नाही. जे होतं ते सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी होतं. लख्ख उजेडात.

आणि ते अजून चालू आहे.

माझं शिक्षण भूकंपशास्त्रातलं. कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग पुढचा भूकंप कधी?" ते मला माहीत नसतं. माझं काम साधं होतं. जमिनीवर हातोडा आपटायचा. हादरे खाली जातात, खडकावर आदळून परत येतात. ते पकडायचे आणि खाली काय आहे ते सांगायचं. खडक, पाणी… की पोकळी.

हादरे पकडतो तो जिओफोन. मुठीएवढा डबा, खाली लांब खिळा. असे अठ्ठेचाळीस डबे पाच-पाच मीटरवर जमिनीत रोवायचे आणि एका केबलला जोडायचे. केबलचं टोक गाडीत. गाडीत मी, आणि समोर स्क्रीनवर अठ्ठेचाळीस रेघा.

या कामात मला दादाने आणलं. वडील गेले तेव्हा तो बारावीत होता. शिक्षण सोडून सर्व्हेच्या टोळीत लाइनमन झाला, म्हणजे केबल ओढायची आणि डबे रोवायचे. एकदा त्याने बिघडलेला जिओफोन घरी आणला. मी तो स्क्रूड्रायव्हरने उघडला. आतली स्प्रिंग उडाली ती थेट आईच्या पिठाच्या परातीत. आईने दोघांचीही बिनपाण्याने केली.

दादा म्हणाला, "आई, हिला हेच शिकवू या. नाहीतर घरातलं काही धड राहणार नाही."

आणि शिकवलं. एम.एस्सी. होईपर्यंत शिकवलं. मी त्याच्याच टोळीत ऑब्झर्व्हर म्हणून, म्हणजे स्क्रीनवरच्या रेघा बघायला, लागले, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर कडक सलाम ठोकला. "भूकंपबाई, आजपासून तुम्ही साहेब. आता चहा तरी पाजा."

आता हजेरीबद्दल सांगते. ते नीट वाचा, कारण सगळं तिथेच आहे.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक डबा जिवंत आहे ना, हे बघतात. लाइनमन एक नंबरपासून चालत जातो आणि प्रत्येक डब्याशेजारी टाच आपटतो. स्क्रीनवर त्या नंबरची रेघ थरथरते. मी वॉकीटॉकीवर म्हणायचं, "आला, पुढे." थरथरली नाही तर म्हणायचं, "नाही आला, परत मार." वॉकीवर फक्त मी बोलायचे. तो बोलत नसे, त्याचे हात केबलमध्ये असत; त्याच्या कमरेचा वॉकी नुसता ऐकण्यापुरता होता. आमच्या टोळीत याला हजेरी म्हणायचे.

दादाची टाच हजारात ओळखू यायची. ठक ठक… ठक. दोनदा, मग थांबून एकदा.

त्या दिवशी आम्ही एका बंद पडलेल्या खाणीजवळच्या माळावर होतो. तिथून रस्ता जाणार होता. खाली जुन्या खाणीची पोकळी कुठवर आलीय, हेच शोधायचं होतं. त्याच सकाळी सव्वाअकराला माझी फोनवर मुलाखत होती. खूप मोठी संशोधन संस्था. अशी संधी पुन्हा येत नाही.

मी दादाला म्हटलं, "अर्धा तास थांबू या का?"

"थांबायचं कशाला? तू बोल, मी हजेरी लावतो. एका कानाला फोन, दुसऱ्याला वॉकी. तुला तर तीन कान आहेत, आई काय बोलते ते शेजारच्या खोलीतून ऐकतेस."

हसत गेला. मधे मातीचा उंच बांध होता. बांधापलीकडे गेल्यावर तो मला दिसेना.

मुलाखत सुरू झाली. समोरच्या बाई शांत आवाजात विचारत होत्या. मी कागदावर आकडे लिहीत होते. डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्क्रीन थरथरताना दिसली की फोनवर हात धरून वॉकीत म्हणायचे, "आला, पुढे."

मधेच गाडी जराशी हलली…

वाटलं, ड्रायव्हरकाका दार आपटून उतरले असतील.

फोनवरच्या बाईंनी विचारलं, "सिग्नल खूप क्षीण असेल, तर तो सिग्नल आहे की नुसता गोंगाट, हे कसं ओळखाल?"

मी म्हटलं, "जे त्याच जागी पुन्हा पुन्हा येतं, तो सिग्नल. एकदाच येऊन जातो, तो गोंगाट."

त्या म्हणाल्या, "सुंदर."

स्क्रीन थरथरली. मी म्हटलं, "आला, पुढे."

अठ्ठेचाळीस मोजून झाले. वॉकीत म्हटलं, "झालं, ये परत." आणि स्क्रीनकडे पाठ करून मुलाखत संपवली. निवड झाल्याचं त्यांनी जवळजवळ सांगूनच टाकलं. दादाला सांगायला मी बांधावर धावत चढले.

माळावर कोणी नव्हतं.

केबल सरळ जात होती… आणि तीस नंबरच्या पुढे जमिनीत उतरत होती.

चार दिवस शोधलं. खड्ड्याच्या कडा ढासळत राहिल्या, खालून पाणी वर आलं. पाचव्या दिवशी काम थांबवलं. दादा मिळाला नाही.

चौकशीत मला विचारलं. मी सांगितलं, "अठ्ठेचाळीसही नंबर आले होते. परत येताना पडला असेल." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आईला सगळ्यांनी एकच सांगितलं, क्षणात गेला, त्रास झाला नाही. मीही तेच सांगितलं.

आठव्या दिवशी मशीन परत करायचं होतं. बघते तर त्या दिवशी मी रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं.

फाईल उघडली.

एक ते तीस, दादाची टाच. ठक ठक… ठक. अकरा वाजून वीस मिनिटांनी सगळ्याच्या सगळ्या रेघा काळ्या झाल्या होत्या. ते जमीन खचणं. गाडी हलली ते.

त्यानंतर थरथरत होती फक्त एक रेघ. एकतीस.

डबा त्याच्यासोबत खाली गेला होता आणि केबल तुटली नव्हती. दादा त्या डब्यावर ठोकत होता. दोनदा, मग थांबून एकदा. मग शांत… पुन्हा दोनदा, थांबून एकदा. असं अठरा वेळा.

एकतीस ते अठ्ठेचाळीस, किती होतात मोजा. मी अठरा वेळा "आला, पुढे" म्हटलं होतं. रेघ हलली एवढंच बघितलं होतं, कुठली हलली ते नाही. आणि दर वेळी तो थांबत होता. कारण माझं म्हणणं त्याला वॉकीवर ऐकू येत होतं. त्याला वाटत होतं, बहिणीला कळलं.

"झालं, ये परत" मी म्हटलं, तिथे मात्र तो थांबायचंच विसरला. सारखं ठोकत होता. वेडंवाकडं. मग हळू. मग आणखी हळू. बारा वाजून एक मिनिटाला शेवटचं.

एक्केचाळीस मिनिटं.

मी दार लावून घेतलं आणि ती फाईल पुसली. कोणालाही सांगितलं नाही.

खरं तर सगळं तिथूनच सुरू झालं.

तीन महिन्यांनी दुसऱ्या जागेवर, नव्या लाइनमनसोबत काम होतं. तो मिशीवाला गृहस्थ गाडीच्या दारात उभा राहून पाण्याची बाटली भरत होता. हजेरीला अजून निघालाच नव्हता.

अकरा वाजून वीस मिनिटं.

एकतीस नंबर… ठक ठक… ठक.

मी म्हटलं, केबलमध्ये दोष असेल. डबा बदलला. पुन्हा तेच. मग मी स्वतः गेले, तो डबा उपटला आणि हातात धरून उभी राहिले. गाडीतून मिशीवाला ओरडला, "मॅडम, हात हलवू नका ना, रेघ नाचतेय!"

मी हात हलवत नव्हते.

आई म्हणाली, "जा त्या मोठ्या संस्थेत. त्याच्या कष्टांचं चीज कर." गेले. तिथे माळ नाही, माती नाही. काचेची खोली आणि शेकडो मैलांवरच्या केंद्रांच्या रेघा. रोज अकरा-वीसला वरून एकतिसावी रेघ थरथरायची. शेजारच्या टेबलावरची मुलगी वाकून बघायची आणि म्हणायची, "सपाट तर आहे गं. झोप झाली नाही का तुझी?"

दीड वर्ष काढलं. मग एक दिवस आईचा फोन आला. आवाज किती दिवसांनी खुलला होता.

"ऐक ना, आजकाल सकाळी स्वयंपाकघरात खालून कोणीतरी ठोकतं…"

राजीनामा टाकून दुसऱ्या दिवशी घरी गेले.

अकरा-वीसला आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. तळहात फरशीवर. चेहरा उजळलेला.

ठक ठक… ठक.

या वेळी स्क्रीन नव्हती. मी कानांनी ऐकलं.

"ऐकलंस? दोनदा, मग थांबून एकदा. दुसरं कोण असणार?" आई फरशीवर वाकली. "आला रे बाळा, आला!"

आवाज थांबला.

"बघ, मी आला म्हटलं की थांबतो. माझं सगळं ऐकतो हं तो. अठरा वेळा येतो. मग दंगा करतो थोडा, लहानपणी करायचा तसा. मग हळूहळू झोपतो."

तिला काय सांगणार होते? की आई, तो दंगा नाहीये. तो बुडतोय. तू रोज त्याला आला म्हणतेस आणि तो रोज वाट बघतो.

आठवडाभर ऐकलं. मग सहन होईना. एका सकाळी आईच्या आधी मी फरशीला तोंड लावलं आणि हळूच म्हटलं, "दादा, मी बघितलंच नव्हतं. कोणी येत नाहीये."

शांतता…

पुढचं ठोकणं आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"काय म्हणालीस तू त्याला?" आईने विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

आई रोज सकाळी फरशीवर हात ठेवून बसायची. संध्याकाळी मी तिला उठवायचे. जेवण सोडलं. बोलणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात तिला धरून न्हाणीघरात न्यावं लागू लागलं. एकदा लेक घालवला होता मी तिचा. आता दुसऱ्यांदा.

बाविसाव्या दिवशी, अकरा-वीसला, मी मागच्या खोलीत गेले. दार लोटलं.

आणि टाच आपटली. दोनदा. थांबून एकदा.

"आला!" आई ओरडली. "आला गं, आला!"

त्या दुपारी ती जेवली.

तेव्हापासून मी रोज ठोकते. एकदाच, त्याहून जास्त माझ्याने होत नाही. आई म्हणते, "एकदाच येऊन जातो आता. दमला असेल." एकदाच येऊन जातो तो गोंगाट, हे मीच कधीतरी सांगितलं होतं. आईला तेवढा गोंगाट पुरतो.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं.

सहाव्या का सातव्या दिवशी मी टाच आपटली. ठक ठक… ठक. स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायच्या आधी, माझ्या पायाखालून आवाज आला. खरखरत. वॉकीवर येतो तसा.

"आली. पुढे."

दादाचा आवाज. रागावलेला नाही. कामावर असायचा तसा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आली. पुढे." रोज एकदा. मी जागा बदलली, अंगणात जाऊन ठोकलं, तरी तेच. आईला ऐकू येत नाही.

त्याचे 'आली' मी मोजायला लागलेय. आणि आणखी एक गोष्ट आहे. टाचेखालचा आवाज बदललाय. आधी फरशी भरीव वाजायची. आता रोज थोडी जास्त पोकळ वाजते. तो फरक माझ्याइतका कोणाला कळणार? तेवढंच तर शिकलेय मी.

आईला इथून हलवायचा प्रयत्न केला. ती म्हणते, "तो येतो आणि मी जाऊ?" ठोकणं बंद करून बघितलं, एकच दिवस. ती दिवसभर फरशीवरून उठली नाही. तिच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते.

आज अठ्ठावीस झाले. एकतीसला तीनच उरले.

उद्या अकरा-वीसला आई जमिनीवर हात ठेवून बसेल. मागच्या खोलीत मी असेन. टाच मारावीच लागेल.