दारातलं जांभळं फूल

‘मोहने येथील महिला रुग्ण स्वतःच्या आजाराबाबत उदासीन आहेत.’ हे तुम्ही लिहिलंत, साहेब. अ‍ॅप कंपनीच्या अहवालात, सही-शिक्क्यानिशी. आमच्या बायकांच्या हातात इंग्रजी अ‍ॅप कोंबलंत, रोज साखरेचे आकडे भरा म्हणालात, आणि त्यांनी भरले नाहीत तर दोष त्यांचाच. तुम्ही खोटं लिहिलंत. तोंडावर सांगते.

वर ती उदासीनता तपासायला तुम्ही एक माणूस पाठवलात. त्याच्या प्रेमात मी पडले. तुमच्या हातून झालेलं तेवढं एकच बरं काम.

नोव्हेंबर संपत आलेला. शेवंतीकाकी दारात रांगोळी घालत होती आणि मी शेजारी चहा पीत बसलेले. हॉलमधल्या मोठ्या रांगोळ्यांच्या ऑर्डरी मी घेते, पण काकीसारखी एका दमात ओढलेली रेघ मला अजून जमत नाही. तेवढ्यात एक चकचकीत बूट काकीच्या कमळावर पडला.

“तुडवलं की मेल्यानं,” काकी शांतपणे म्हणाली.

मी वर बघितलं. चष्मा, गळ्यात ओळखपत्र आणि लाल झालेले कान.

“सॉरी... मी मुकुल. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून आलोय. साखरेच्या अ‍ॅपचं काम बघतो.”

“डोळे ऑफिसात ठेवून आलात?” मी विचारलं.

“नाही... पण इथे बघण्यासारखं इतकं असेल, असं कुणी सांगितलं नव्हतं.”

रांगोळीकडे बघून म्हणाला की माझ्याकडे — ते मला कळलं नाही. म्हणजे, कळलं.

काकीला त्याने विचारलं, आकडे का भरत नाही?

“मी काय कारकून हाय व्हय? सकाळी मशीनवर बघती मी साखर. त्या फोनला कशापायी सांगू? त्यो काय जेवाय येणार हाय?”

मुकुल हसला नाही. वहीत लिहून घ्यायला लागला. ते मला आवडलं.

“काकी रांगोळी रोज घालते,” मी म्हटलं. “अंगात ताप असला तरी घालते. तुमच्या फोनला रंग कळतात का?”

तो बघत राहिला... आधी माझ्याकडे, मग त्या तुडवलेल्या कमळाकडे. मग तिथेच पायरीवर बसला. “कळतील,” म्हणाला. “मी शिकवतो त्याला.”

असं ठरलं — साखर ताब्यात असेल तर रांगोळीतलं मधलं फूल हिरवं. चढलेली असेल तर पिवळं. फारच चढलेली किंवा घसरलेली असेल तर लाल. दाराचा फोटो काढायचा, बाकीचं फोन बघेल. लाल दिसलं की दवाखान्यातली नर्स फोन करेल. रेयॉन कंपनी बंद पडली तरी इथेच राहिलेल्या कामगारांची घरं, एकेचाळीस दारं. दोन आठवड्यांत एकही दार चुकलं नाही. उदासीन म्हणे.

मग एका गुरुवारी मुकुल ठाण्याहून बाइक मारत आला. हेल्मेट डोक्यावरच.

“संचिता, एकेचाळीसच्या एकेचाळीस दारं लाल आहेत... नर्स रडकुंडीला आलीय.”

“आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे.”

“मग?”

“मग रांगोळीवर हळद-कुंकू वाहतात. कुंकू कोणत्या रंगाचं असतं?”

“...लाल.”

“आणि धोक्याला लाल कुणी ठेवला?”

“मी.”

“तुमच्या घरी रांगोळी घालत नाहीत?”

“स्टिकर आहे,” तो हळूच म्हणाला. “आई दर दिवाळीला बदलते.”

काकीने त्याच्या हातावर प्रसादाचं केळं ठेवलं. “खा. तुझीच साखर उतरल्याली दिसती.”

त्या दिवसापासून धोक्याचा रंग जांभळा झाला. आणि मुकुल दर रविवारी यायला लागला.

“फोटो फोनवरून जातात ना? मग तू कशाला येतोस?” मी एकदा विचारलं.

“फोटोत तू नसतेस.”

असं काहीतरी बोलायचा आणि चष्मा पुसत बसायचा. काच स्वच्छ असली तरी.

ठाण्यात माझी एक ऑर्डर होती, तेव्हा खोपटच्या एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडी फलाटाला लागली. बोटांना माझ्या गुलाबी रंग होता, तो त्याने स्वतःच्या रुमालाने पुसला... सावकाश, एकेक बोट. “आईला भेटायला येशील?” त्याने विचारलं.

“बघू,” म्हटलं आणि गाडीत चढले.

कारण एकदा त्याने विचारलेलं, “तुझ्या दारात फूल का नसतं?” आणि मी सांगितलेलं, आमच्याकडे कुणाला साखर नाही. हे धडधडीत खोटं होतं. पंधराव्या वर्षापासून मी इन्सुलिन घेते. स्वयंपाकघराचं दार लावून, पाठ फिरवून. आई म्हणते, बाहेर कळलं तर स्थळं मोडतील.

जानेवारीत समोरची रुचिता कॉलेजात चक्कर येऊन पडली. एकोणीस वर्षांची पोरगी. तिलाही माझाच आजार निघाला. मी तिच्या आईकडे तिन्ही रंगांच्या पुड्या घेऊन गेले. तिने एकही हातात घेतली नाही.

“काकी म्हातारी आहे, तिचं चालतं. माझ्या घरात लग्नाची पोर आहे. दारात जांभळं काढून गावाला दाखवू?” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “तू काढशील गं तुझ्या दारात?”

मला माहीत होतं, तिला माहीत आहे. मागे रुचिता उभी होती, भिंतीला टेकून. दुपारचं इन्सुलिन तिने घेतलं नव्हतं, कारण पाहुणे बसलेले. तिच्याकडे बघून माझंच पंधरावं वर्ष मला दिसलं आणि अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मशीनवर तीनशे बारा. मी अंगण सारवलं आणि बसले. आईने मनगट धरलं.

“संचिता, नको गं... तो मुलगा येईल आत्ता.”

“म्हणून तर तो यायच्या आधी काढतेय. हात सोड, आई.”

मधलं फूल जांभळं भरलं, हातभर मोठं. गल्ली बघत होती. समोरचं दार उघडलं आणि रुचिता बाहेर आली, आईने हाक मारली तरी थांबली नाही. माझ्या डब्यातली चिमूट उचलून तिने स्वतःच्या दारात टेकवली. तिची आई उंबऱ्यातच उभी राहिली. तिने ते पुसलं नाही.

तेव्हाच मुकुल आला. आधी सवयीने फोन काढला. मग दार कुणाचं आहे ते त्याला दिसलं.

“हे... तुझं?”

“माझं. आठ वर्षं झाली. तुझ्याशी खोटं बोलले.”

तो खाली बसला. डब्यातला रंग चिमटीत घेतला आणि अर्धी राहिलेली पाकळी भरायला हात पुढे केला. मी मनगट पकडलं.

“असं नको. पाकळी मी भरेन. रोज चार सुया, मध्येच घाम, मध्येच चिडचिड, आणि हे बरं होणार नाही — मरेपर्यंत. तुझ्या आईला काय चालेल ते मागाहून बघू. मी तुला विचारतेय. कीव नकोय, विचार करून सांगतो हे पण नकोय. सगळी गल्ली ऐकतेय. हे सगळं धरून लग्न करशील माझ्याशी? हो की नाही, मुकुल? तोंडाने सांग.”